ओलीची रेघ

भाड्याच्या घरात गळती लागली की पाणी कोठून येते याच्या आधी ती गळती कोणाची, याची चौकशी सुरू होते. स्वतःच्या घरात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे पाहणारा, भोगणारा आणि खर्च करणारा एकच असतो. कौल सरकलेले दिसले की तोच शिडी आणतो, नाहीतर शेजारच्या पोराला वर चढवतो. भाड्याच्या घरात या एका माणसाचे दोन होतात. ज्याला दिसते त्याचे घर नसते आणि ज्याचे घर असते त्याला दिसत नाही. मग दुरुस्तीची सुरुवात शिडीने न होता बोलण्याने होते. आता ज्याला दिसले त्याने एकदा बोलून दाखवले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले काय? हा प्रश्न मला बिद्रीच्या एका घरात पडला, आणि तो विचारणाऱ्या व्यक्तीला मी त्या वेळी जे उत्तर दिले ते आजही माझ्या घशात अडकलेले आहे.

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. कोल्हापूरहून गारगोटीला जाताना मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडे हे गाव लागते. गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग आणि हवेत मळीचा वास. कारखाना आला की त्यामागून बाहेरची माणसे येतात. कामगार, कारकून, शिक्षक, बँकेतील नोकरदार. अशा गावी भाड्याने देण्यासाठी म्हणून बांधलेली घरे पूर्वी थोडीच असत. शेतकरी आपल्या राहत्या घराचा एखादा सोपा किंवा मागची दोन खणांची जागा देई. मालक आणि भाडेकरू एकाच आढ्याखाली राहत. भिंत एकच, तिची एक बाजू त्यांची, दुसरी आमची.

मी २००२ साली आजऱ्याहून त्या भागातील एका हायस्कुलात शिक्षक म्हणून गेलो, तो अशाच एका घरात. भाडे महिना पाचशे रुपये. आमचा करार म्हणजे पहिल्या दिवशी मालकांच्या सोप्यात बसून प्यायलेला चहा. घर कौलारू. मंगलोरी कौले मुळात बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढून घडवायला घेतली, हे मला तेथेच एका जुन्या कौलावरची अक्षरे वाचण्याच्या नादात पुढे कळले. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंनी अर्ध्या पश्चिम किनाऱ्याच्या डोक्यावर छप्पर घातले आहे, हे ऋण आपण फारसे आठवत नाही.

कौलारू घराला दरवर्षी शाकारणी लागते. उन्हाळ्यात वानरे, मांजरे आणि वारा कौले सरकवतात. वैशाखात माणूस वर चढून फुटकी काढतो, सरकलेली बसवतो, कुजलेली रीप बदलतो. काम एका दिवसाचे असते, पण ते पावसाआधीचेच. पाऊस लागल्यावर ओल्या कौलांवर कोणी पाय ठेवत नाही. मातीच्या भिंतीचा जीव या एका दिवसात असतो. कोरडी माती मोठा भार पेलते. तिला बाजूने येणारी सरदेखील सोसते. परंतु वरून, भिंतीच्या माथ्यावर, कौलांच्या फटीतून थेंब पडत राहिला की पाणी भिंतीच्या पोटात उतरते आणि ती आतून चिखल होत जाते. बाहेरून ती उभी दिसते.

२००५ च्या एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस झाला आणि दोन पाखांच्या सांध्याशी, नेमक्या त्या सामाईक भिंतीच्या माथ्यावर, चार-पाच कौले सरकल्याचे मला दिसले. मी मालकांना सांगितले. ते म्हणाले, "बघूया की सर. पाऊस अजून लांब हाय. समदं घरच शेकारून घिऊ." त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. मे महिन्यात त्यांच्या मुलीचे लग्न होते. उसाच्या बिलातून त्याचीच देणी भागवायची होती. मे लग्नात गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. मी पुन्हा बोललो नाही.

माझी पत्नी म्हणाली, "दोनशे रुपयांचे काम आहे. माणूस बोलवा आणि करून टाका."

मी म्हणालो, "आज हे केले तर उद्या सगळेच आपल्या गळ्यात येईल."

आमच्या बाजूने ती भिंत चुन्याने रंगवलेली होती. पांढऱ्या चुन्यावर ओल स्पष्ट दिसे. पिवळसर कडा असलेला एक डाग वरून खाली उतरत होता. १२ जूनच्या रविवारी मी खुर्चीवर चढून त्या डागाच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि तारीख घातली. पुढच्या रविवारी दुसरी. मालकाला दाखवता यावे, त्याने नाही म्हटले तर पुरावा असावा, असा माझा हेतू होता. शिक्षकाला नोंद ठेवण्याची खोड असते, असे मी स्वतःला सांगत असे. आज प्रामाणिकपणे लिहायचे तर त्या रेघा ओढताना मला एक प्रकारचे समाधान वाटत असे. डाग जितका उतरे तितकी माझी बाजू भक्कम होई.

त्याच सुमारास कोल्हापूरला एका परिचित वकिलांना मी सहज म्हणून विचारले. त्यांनी जे सांगितले ते वाचकांपैकी भाड्याने राहणाऱ्यांना उपयोगी पडेल. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार घर चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने हयगय केली तर भाडेकरूने नोटीस द्यावी, किमान पंधरा दिवस वाट पाहावी, आणि मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. मी मनात हिशेब केला. वर्षाचे भाडे सहा हजार, चतुर्थांश पंधराशे, काम दोनशेचे. पण हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नोंदलेल्या क्षेत्रांपुरता, म्हणजे मुख्यतः शहरे व नगरे यांच्यापुरता आहे. खेड्यात आले की १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उघडावा लागतो. तोही भाडेकरूला दुरुस्ती करून पैसे वळते करू देतो, परंतु मालक ज्या दुरुस्तीस बांधील आहे तेवढीच. आणि बांधील कशास, हे करारावर सोडतो. आमचा करार तर चहाचा. त्याच कायद्यात एक मौजेची गोष्ट आहे. कोणी शेजारी मालकाच्या जागेवर अतिक्रमण करू लागला आणि भाडेकरूला ते कळले, तर मालकाला तत्परतेने कळवणे भाडेकरूवर बंधनकारक आहे. शेजाऱ्याने केलेले अतिक्रमण कळवा. पाण्याने केलेल्याविषयी असे कलम मला आढळले नाही. वकिलांकडून परत येताना मी समाधानात होतो. मला जे हवे होते ते मिळाले होते: काहीही न करण्याचे कायदेशीर कारण.

दोन्ही बाजूंकडे योग्य कारणे असताना घर कसे पडते, याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईत आहे, आणि आपल्यापैकी कित्येक कुटुंबांचे एक तरी पान त्या शहराच्या चाळींत लिहिले गेले आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने तेथील भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. युद्धोत्तर टंचाईत गरिबाला रस्त्यावर येऊ न देणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता. परंतु दशकांमागून दशके गेली, भाडे तेच राहिले, आणि मालक विचारू लागला की एवढ्या पैशांत मी विटा कोठून आणू. भाडेकरू म्हणे, कायद्याने दुरुस्ती तुमची. दोघांचेही खरे होते. मधल्या मध्ये जिने झुकले. शेवटी १९६९ साली सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला. गोठवलेल्या भाड्याची ती तरतूद आता वाजवी राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. त्यानंतरच्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. तरीही इमारती पडतच राहिल्या. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावला डॉकयार्ड रोडजवळ जी इमारत कोसळली तिची मालक प्रत्यक्ष महानगरपालिका होती आणि राहणारे तिचेच कर्मचारी होते. ६१ माणसे गेली.

आजकाल अकरा महिन्यांचे करार होतात. त्यांत बहुधा एक ओळ असते: किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, मोठी मालकाने. वाचताना ही वाटणी किती रास्त वाटते! पण किरकोळ म्हणजे काय? सरकलेले कौल किरकोळ आहे. त्याखाली भिजणारी रीप किरकोळच. रीप कुजून वासा कुजला की काम मोठे झाले. तीच एक गळती एप्रिलमध्ये भाडेकरूची असते आणि ऑगस्टमध्ये मालकाची होते. मधे कोणी काही केले नाही, फक्त दिवस गेले. तेव्हा जो भाडेकरू थांबतो त्याला थांबण्याचा फायदा होतो, आणि ही गोष्ट त्याला मनातून ठाऊक असते. मला होती.

तथापि माझ्या त्या वेळच्या भूमिकेत केवळ हेकटपणा होता असेही मी म्हणणार नाही. तिच्यात एक तत्त्व होते. मालकाने करावयाचे काम भाडेकरूने गुपचूप केले तर तो पायंडा पडतो. माझ्याकडे दोनशे रुपये होते. माझ्यामागून जो राहायला येईल त्याच्याकडे कदाचित नसतील, आणि त्यालाही ऐकावे लागेल की आधीचे सर स्वतःच करून घेत असत. दुरुस्ती मागणाऱ्याला आपल्याकडे याचकासारखे उभे राहावे लागते, तेही मला खटके. महिन्याच्या महिन्याला भाडे मोजणारा माणूस नळ बदलून मागताना आवाज खाली का आणतो? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला त्यात हा विचार आला आहे: न्यायाने जे देणे आहे ते आधी द्यावे, ते दान म्हणून पुढे करू नये. त्या घरात मला हे वाक्य फार प्रिय झाले होते. सोयीचे वाक्य प्रिय व्हायला वेळ लागत नाही.

जुन्या करारात मात्र एक असा भाग आहे ज्याच्याकडे माझे लक्ष पुष्कळ उशिरा गेले. लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर उमटणाऱ्या डागांचा विधी सांगितला आहे. आपण तो बहुधा ओलांडून जातो, कारण कुष्ठरोगाच्या प्रकरणांनंतर वाचक थकलेला असतो. हिरवट किंवा तांबूस, भिंतीत खोल गेलेले डाग दिसले की घराच्या धन्याने याजकाकडे जाऊन सांगावे की माझ्या घरात चट्ट्यासारखे काहीतरी दिसते आहे. याजकाने आधी घरातील सामान बाहेर काढायला लावावे, मग पाहावे, सात दिवस घर बंद ठेवावे, पुन्हा पाहावे. डाग पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावेत, सगळी भिंत आतून खरवडावी, नवे दगड व नवा गिलावा घालावा. तरीही डाग परत आला तर घर पाडावे. या सगळ्यात मला दोन गोष्टी विलक्षण वाटतात. याजकाला परत जाऊन पाहावे लागते. एकदा पाहून त्याचे काम होत नाही. आणि सामान आधी बाहेर काढले जाते: निवाडा व्हायचा तेव्हा होईल, तोवर आतले वाचवा. मी सात दिवसांनी पाहत होतो खरा. माझ्या हातात पेन्सिल होती.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस काय पाऊस झाला ते कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. २४ जुलैला मी सातवी रेघ ओढली. त्यानंतरच्या तिसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, ती भिंत गेली. आवाज मोठा झाला नाही. ओल्या मातीचा ढीग बसावा तसा जड, बुजका. कंदील घेऊन उठलो तर भिंतीच्या जागी मालकांचे घर दिसत होते.

भिंतीच्या पलीकडे, तिला लागून, मालकांच्या आईची बाज असे. वय सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या बाजूने ती भिंत शेणाने सारवलेली आणि चुलीच्या धुराने काळी झालेली. तिच्यावर ओल दिसणे शक्यच नव्हते. भिंत आमच्या बाजूनेच काय ते बोलत होती. त्या रात्री थंडी वाजते म्हणून आजी चुलीच्या राखेपाशी जाऊन निजल्या होत्या. बाज मातीखाली गेली. बाजेच्या पायथ्याशी बांधलेले महिन्याभराचे रेडकू गेले. त्याच्या आईचे ओरडणे उजाडेपर्यंत चालू होते.

सकाळी शेजारी माती उपसत असताना आजी माझ्याजवळ आल्या. आवाजात राग नव्हता, एखाद्या मुलाला विचारावे तसे त्यांनी विचारले, "मास्तर, तुमच्या बाजूनं दिसत हुतं न्हवं?"

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं."

ते खरे होते. एप्रिलमध्ये. एकदा.

भिंतीचा एक तुकडा कोपऱ्याशी उभा राहिला होता आणि चुन्यावर रेघा तशाच होत्या. मालक त्यांच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांनी बोटाने एकेक तारीख खाली खाली वाचली. "सात हाईत," एवढेच म्हणाले. मला वाटले आता ते बोलतील. मी तयार होतो, माझ्याजवळ एप्रिल होता, लग्न होते, वकील होते. ते काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी भाजक्या विटांची भिंत घातली. मी निम्मा खर्च देऊ केला, तर म्हणाले, "भिंत आमची हाय, सर." त्या वाक्याने माझी सगळी बाजू मान्य केली, आणि तिचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

यातून भाडेकरूने निमूट सगळी डागडुजी करीत राहावे असा अर्थ कोणी काढू नये. काही ठिकाणी मालकाला घर पडायलाच हवे असते, जागा मोकळी व्हावी म्हणून. तेथे कौल बसवून भागत नाही. नोटीस, कचेरी, न्यायालय, शेजारच्या भाडेकरूंची एकजूट हेच मार्ग, आणि ते वापरण्यात लाज नाही. ज्या विधवेने पोटाला चिमटा घेऊन भाडे दिले तिला वर शिडीचा खर्च सोसायला सांगणे हा अन्यायच होय. माझे प्रकरण असे नव्हते. माझा मालक टाळणारा होता, वाईट नव्हता. मी गरीब नव्हतो. आणि भिंतीच्या पलीकडे कोण निजते हे मला ठाऊक होते. हक्काचा प्रश्न आणि भिंतीचा प्रश्न हे मी एकच समजलो. हक्काला सवड असते. पुढच्या महिन्यात भाडे देताना ते दोनशे रुपये मागता आले असते, भांडताही आले असते.

असिसीच्या संत फ्रान्सिसचे पोर्तसिउंकुला हे देऊळ आपणांस परिचित आहे. पडझड झालेले ते छोटे मंदिर त्यांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले. परंतु ते त्यांचे नव्हते, सुबासिओ डोंगरावरच्या बेनेदिक्त संघाचे होते. पुढे तेथे राहण्याची परवानगी मिळाली तेव्हा, परंपरा सांगते, फ्रान्सिसनी दरसाल मासळीची एक टोपली भाडे म्हणून पाठवण्याचा नेम ठेवला. ते आपले आहे असे कधी कोणाला वाटू नये, हा उद्देश. आणि मठवासी उलट तेलाचा एक बुधला देत. दुरुस्ती मालकी सांगत नाही आणि मालकी नसल्यामुळे दुरुस्ती थांबत नाही, असे दोन्ही एका टोपलीत बसलेले पाहून मला त्या माणसाचा हेवा वाटतो. मालकाशी हिशेब चोख ठेवून तो गवंड्याचे काम करीत होता. मी हिशेब चोख ठेवला.

आता मी निवृत्त होऊन आजऱ्याला परतलो आहे, आणि कोल्हापुरातील माझा दोन खोल्यांचा गाळा एका परिचारिकेला व तिच्या यजमानांना भाड्याने दिलेला आहे. म्हणजे या वयात मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला आलो. गेल्या महिन्यात तिने भ्रमणध्वनीवर स्नानगृहामागच्या भिंतीचे छायाचित्र पाठवले. मी उत्तर लिहिले, "बघू." लिहून झाल्यावर तो शब्द मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो, आणि तरीही दोन आठवडे गेले; पाऊस होता, गुडघे दुखत होते, प्लंबर दूरध्वनी उचलत नव्हता. काल तिसरे छायाचित्र आले. डाग खिडकीच्या चौकटीपर्यंत उतरला आहे. प्लंबर गुरुवारी येतो म्हणाला. मी बुधवारीच पहिल्या एस.टी.ने निघणार आहे. पलंग त्या भिंतीपासून सरकवून घ्या, एवढे आज सकाळी तिला फोन करून सांगितले.